भासऱ्याशी बोलणारी देवी

कोकिळा पारडीत नांदायला आली तेव्हा सासूनं पहिल्याच सकाळी तिला बजावलं, भासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. तो ओसरीवर बसला असला की सुनेनं मागच्या दारानं जायचं. समोर आलाच तर पदर नाकापर्यंत ओढून भिंतीला चिकटायचं. काही सांगायचं असलं तर जावेला सांगायचं, मग जाऊ ते त्याला सांगणार. गोठ्याला आग लागली तरी हाच रस्ता. भासऱ्यानंही सुनेशी थेट बोलायचं नाही. तो बायकोकडं तोंड करून म्हणणार, "सांग तिले, बैलाले पानी दाखव म्हना." सून दोन हातांवर उभी असते, तिला सगळं ऐकू येतं. तरी निरोप फिरूनच यायचा.

आणि ही कोकिळा कुठली? तळेगाव श्यामजी पंतची. बाप आठवडी बाजारात वांगी, भेदरं म्हणजे टमाटे घेऊन बसायचा आणि पोरगी शेजारी बसून गिऱ्हाइकाला हाका घालायची. बाजाराच्या गलक्यावर चढणारा गळा तो. समुद्रपूरच्या पुढं, एसटीतून उतरून वर पायी तुडवावं लागतं अशा गावात येऊन त्या गळ्याला बूच बसलं.

नवरा रूपराव गरीब माणूस. मोठ्या भावाच्या सावलीत वाढलेला. हा मोठा भाऊ, लक्ष्मणराव, सोसायटीचा चेअरमन. गावात त्याचा शब्द चालायचा आणि घरात तर दुसऱ्याचा चालायचाच नाही. चौऱ्याहत्तर साली रूपरावाच्या पायाला वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, लागली. हळद भरली, चिंधी बांधली, आणि पुन्हा वखरायला गेला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेईपर्यंत धनुर्वातानं जबडा आवळला होता, तिथंच तो गेला. कोकिळेच्या पदरात नलू नावाची पोर राहिली आणि अर्धी जमीन. जमीन कागदावर तिची. वाहायचा लक्ष्मणराव.

लक्ष्मणरावाची बायको मीराबाई. तिला किसन नावाचा भाऊ, शेकापूरकडं राहणारा, बायकोला सोडचिठ्ठी देऊन बसलेला, पोरीच्या दुप्पट वयाचा. लक्ष्मणरावाच्या डोक्यात हिशेब सरळ होता. नलू किसनला दिली की रूपरावाचा हिस्सा घरातून कुठं जात नाही. पोर तेव्हा पाचवीत. कोकिळेनं मीराबाईकडून निरोप पाठवला, "पोर शिकते, राहू द्या." मीराबाईनं तो पोचवला की चुलीत घातला, देव जाणे. उत्तर आलं, "सांग तिले, बाईमानसानं हिशेबात पडू नये."

त्याच वर्षी, पंच्याहत्तरच्या नवरात्रात, कोकिळेच्या अंगात देवी आली.

गावाबाहेर निंबाखाली मातामायचं ठाणं आहे. अष्टमीला तिथं जंगू डाहाका वाजवायचा. दोन तोंडांचं ते वाद्य मांडीवर दाबून, देवीला हाका मारणारी गाणी म्हणायचा, आणि धुपाच्या धुरात ज्याच्या अंगात यायची त्याच्या यायची. आजवर म्हाताऱ्या बायांच्या यायची. त्या घुमायच्या, पाऊसपाणी सांगायच्या, थकून पडायच्या. त्या वर्षी कोकिळेचे केस सुटले, मान गरगरली, आणि बायांच्या घोळक्यातून ती सरळ पुरुषांकडं गेली. डोक्यावर पदर नाही. भासऱ्यासमोर जाऊन उभी.

"लक्षुमण्या!"

पुरुष बसल्या जागी मागं सरकले. जंगूचा हात मात्र थांबला नाही, तो जाणता होता.

"लक्षुमण्या, इकडं पाह्य माह्याकडं. रूपरावची पोर कोनाची हाय?"

लक्ष्मणरावाचे हात आपोआप जुळले. "तुही माय, तुही."

"मंग तिच्या हयदीचं, लगनाचं तू काऊन ठरवून राह्यला? म्याट्रिक होईतो तिले हयद लावशीन त तुह्या घरात दिवा नाई लागू देनार मी. ऐकलं काय?"

"ऐकलं माय. चुकी झाली."

आणि तो सोसायटीचा चेअरमन, तो भरल्या पंचायतीत लोकांना खाली बसवणारा माणूस, मातीत नाक घासत होता. ज्या बाईचा निरोपसुद्धा त्यानं कधी पुरा ऐकला नव्हता, तिच्या पायाशी. मीराबाईनं नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी कोकिळा पुन्हा भिंतीला चिकटून, नाकापर्यंत पदर घेऊन. पण किसनचं नाव घरात कोणी काढलं नाही. नलू सहावीत गेली, सातवीत गेली.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यानंतर गावात एक प्राध्यापक येऊ लागले. बापूराव देवतळे. वर्ध्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि डॉक्टरेट करत होते. विषय होता खेड्यातल्या बाया आणि देवसंचार, म्हणजे मन आणि धर्म यांचा एकमेकांत गुंतलेला दोरा कुठं सुरू होतो, ते पाहायचं. पांढरा झब्बा, खांद्याला झोळी, झोळीत टेपरेकॉर्डर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो बायांशी बोलताना जमिनीवर बसायचा, दिलेलं पाणी प्यायचा, अंधश्रद्धा-अंधश्रद्धा करून ओरडायचा नाही. आपल्या जातीचा, शिकलेला, वर्ध्याचा म्हणून लक्ष्मणरावानं त्याला ओसरीवर खाट टाकून दिली होती. पाव्हण्यामुळं त्याचीही पत वाढत होती.

कोकिळा मागच्या अंगणात तुरी पाखडत बसायची. सर तिथं येऊन बसले. हा भासरा नव्हता, याच्याशी बोलायला बंदी नव्हती.

"अंगात येतं तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटतं, वहिनी?"

"तुमाले झोप लागते तवा नेमकं काय वाटते, सर?"

सर हसले. लिहून घेतलं. ती म्हणाली, "हेबी लेहता? तुमच्या कालेजात कागद लय स्वस्त दिसते."

असे ते महिन्यातून एखादी चक्कर मारायचे. बाकीच्या बायांशीही बोलायचे, पण पुन्हा पुन्हा येऊन कोकिळेपाशी बसायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, "एक सांगा. देवी तुमच्या तोंडून दरवेळी लक्ष्मणरावांशीच का बोलते? जाऊबाईंशी नाही, गावकऱ्यांशी नाही. फक्त त्यांच्याशी?"

कोकिळेच्या हातातलं सूप थांबलं.

हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं विचारलं. डाहाका वाजू लागला की पोटातून काहीतरी उठायचं, छातीत यायचं, आणि मग पुढचं तिच्या हातात राहायचं नाही. ती ठरवून जात नव्हती. पण सरांनी बोट ठेवलं तिथं दुखलं, एवढं खरं.

"तुमी काय म्हनता? मी नाटक करते?"

"मुळीच नाही. यात खोटं काहीच नाही. माणसाला स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं नाही, की त्याचं मन दुसरं तोंड शोधतं. धर्म त्याला ते तोंड देतो. भासऱ्याशी बोलायचं नाही ही रूढी आहे ना, तिच्यावर तुम्ही काढलेली ही वाट आहे. माझ्या सगळ्या अभ्यासाचं सार तुमच्यात आहे, वहिनी."

माणूस हुशार होता. इतक्या वर्षांत गावातल्या कोणाला जे दिसलं नाही ते त्याला दिसलं. कोकिळेनं सूप खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "वाट हाय म्हनता. मंग लोकाइले दाखोजा नका. दाखोली का तिथं काटे पडतीन."

"तुमचं नाव कुठंच येणार नाही. शब्द देतो."

"हे कोनाले सांगनार तुमी?"

"विद्यापीठाला."

"विद्यापीठ पारडीत येते काय?"

"नाही."

"मंग लेहा काय लेहाचं ते."

अठ्ठ्याहत्तरच्या नवरात्रात सरांनी जंगूच्या शेजारी टेपरेकॉर्डर ठेवला आणि सगळं भरून घेतलं. डाहाका, गाणी, बायांचे हुंकार आणि कोकिळेच्या तोंडची मातामाय. लक्ष्मणरावानं त्यांना पुढं बसायला घोंगडं दिलं.

सरांनी शब्द पाळला. कोकिळेचं नाव त्यांच्या प्रबंधात कुठं नाही. कोणाला शोधायचं असेल तर शोधून पाहावं, सापडणार नाही.

पुढच्या सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीनं सरांना झेंड्याला बोलावलं. झेंडा झाला, पोरांची कवायत झाली, मग शाळेच्या वऱ्हांड्यात सरांचं भाषण. 'मन आणि देव'. लोक उन्हात बसून जांभया देऊ लागले. सरांच्या ते लक्षात आलं असावं. भाषण देणाऱ्याला जांभई फार झोंबते. तेवढ्यात कोणीतरी मागून ओरडलं, "सर, त्या पेटीत आमच्या जंगूचा आवाज भरला म्हने! ऐकवा ना!" लगेच चारीकडून, "हो सर, ऐकवा! जंगूले ऐकवा!"

जंगू लाजून मान हलवत होता. सरांच्या तोंडावर आनंद आला. झोळीतून टेप काढला, बटण दाबलं.

आधी डाहाका. लोक खूश. मग गाणं, मग बायांचं घुमणं. मग आवाज आला, "लक्षुमण्या!"

दुपारची वेळ. धूप नाही, दिवा नाही, समोर ठाणं नाही, मोकळे केस नाहीत. भिंतीवर पाढे लिहिलेले. आणि त्या पेटीतून येणारा तो आवाज होता कोकिळेचा. गावाबाहेर निंबाखाली जी मातामाय होती, ती त्या वऱ्हांड्यात बाजारात वांगी विकणाऱ्याची पोर झाली. लोक अजून चूप होते. लक्ष्मणरावानं सवयीनं हात जोडलेसुद्धा. बायांमध्ये बसलेल्या कोकिळेला वाटलं, उठावं आणि ती पेटी विहिरीत टाकावी. पण पुढंच भासरा बसलेला. त्याच्यासमोरून जायचं कसं?

पेटीतली देवी म्हणाली, "लक्षुमण्या, पोरीच्या वाटले जाशीन त—" आणि मधेच, त्याच दमात, "हाड! हाड! अवं ते कुत्रं पाह्य ना, परसादात शिरलं!"

आठवलं सगळ्यांना. तेव्हा नैवेद्यात खरंच कुत्रं शिरलं होतं. पण तेव्हा डाहाक्यात आणि धुरात कोणाच्या कानाला ते लागलं नव्हतं. आता लागलं. रोज संध्याकाळी बोळीतल्या सगळ्या घरांना ऐकू जायचं ते "हाड", तेच, तसंच, नाकातून.

पहिलं हसू नलूचं होतं.

पोर ती. तेरा-चौदा वर्षांची. आपल्या मायचा आवाज पेटीतून कुत्रं हाकलतो आहे, ती हसणार नाही तर काय करणार? तोंडावर हात ठेवून फिस्स झालं. शेजारणीला हसू आलं. मग मीराबाईला. मग सगळा वऱ्हांडा फुटला. लक्ष्मणरावाचे जोडलेले हात सुटले, आणि तोही हसला. तो सगळ्यात जोरात हसला. मानेवरचं जू उतरलेला बैल अंग झाडतो तसा.

सरांनी घाईनं बटण बंद केलं. म्हणाले, "हसण्यासारखं नाही हे, हे फार गंभीर आहे." कोणी ऐकलं नाही. मग ते मनाचे कप्पे वगैरे समजावू लागले. देवी म्हणजे दाबलेल्या मनाचा आवाज, असं त्यांनी सांगितलं. गावानं त्यातलं एवढंच उचललं की सर म्हणतात, देवी नाही, कोकिळाच आहे.

संध्याकाळी भाकरीवर बसलेला लक्ष्मणराव मीराबाईला म्हणाला, भिंतीमागं ऐकू जाईल अशा बेतानं, "काय वं, मातामायलेबी कुत्र्याचं भेव वाटते काय? विचार तिले."

आठवडा झाला नाही तोच किसन येऊन नलूला पाहून गेला.

कोकिळा वर्ध्याला गेली. एकटी, एसटीनं, पत्ता विचारत. सरांच्या घरी खुर्चीवर बसवलं तिला, चहा आला. ती चहाला शिवली नाही.

"सर, पोरीचं लगन ठरवलं. शेकापूरच्या त्या किसनशी. तुमी पारडीले चाला. माह्या भासऱ्याले सांगा, देवी खरी होती म्हना."

सर खाली पाहत राहिले. "वहिनी, मी असं कसं म्हणू? शास्त्रीयदृष्ट्या..."

"खोटी होती काय मंग?"

"खोटी होती असंही मी म्हटलेलं नाही."

"मंग खरी म्हना ना! एक शबुद बोलाले तुमच्या बापाचं काय जाते?"

सरांची बायको आतून डोकावून गेली. सर म्हणाले, "नलूचं वय कमी आहे. कायद्यानं हे लग्न होऊ शकत नाही. तुम्ही पोलिसांत..."

"कोनाच्या इरोधात? ज्याच्यासमोर तोंड उघडता येत नाई त्याच्या? तुमी चाला ना संगं. तुमचं नाव हाय."

"माझी अडचण समजून घ्या. मी संशोधक आहे. ज्यांचा अभ्यास करतो त्यांच्या आयुष्यात मी हात घालायचा नसतो. आमच्या पद्धतीत ते बसत नाही."

कोकिळा उठली. बाजारात गिऱ्हाइकाला हाका घालणारा तो गळा कितीतरी वर्षांनी बाहेर आला. "आन पेटी वाजोली ते पद्धतीत बसलं काय, सर?"

सरांनी तिचा निवलेला कप उचलून बाजूला ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, असं ती पुढं सांगायची, आणि पुढं म्हणायची, "मले काय करा लागते त्याच्या डोऱ्यातल्या पान्याले."

चैत्रात ठाण्यावर पुन्हा डाहाका वाजला. जंगूनं गळा फाटेस्तोवर हाका मारल्या. कोकिळेच्या पोटातून ते उठलं, छातीपर्यंत आलं. पण भोवती जमलेल्या बाया वाकून तिच्या तोंडाकडं पाहत होत्या, पुढं काय करते बघू म्हणून. एक तर पदरात तोंड घालून आधीच हसायला बसली होती. छातीपर्यंत आलेलं तिथंच अडकलं. कोकिळा धाप टाकत उभी राहिली, मग मुकाट्यानं केस बांधले. जंगूनं वाद्य खाली ठेवलं आणि तो घरी निघून गेला.

वैशाखात नलूला हळद लागली. आठवीची परीक्षा देऊन आलेल्या पोरीला. लक्ष्मणरावाच्या घरात दिवे नेहमीसारखेच लागले. लग्नात पंक्तीला वाढताना लोक कोकिळेला म्हणायचे, "काय वं, देवीले वाढलं का नाई?"

पुढच्याच वर्षी सरांना डॉक्टरेट मिळाली. वर्ध्यात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. भासऱ्याशी न बोलण्याची रूढी आणि देवसंचार यावर त्यांनी वेगळं प्रकरण लिहिलं होतं, त्याचं बाहेरगावच्या विद्वानांनी फार कौतुक केलं.

ऐंशीच्या दिवाळीला नलू माहेरी आली. पोटुशी, आणि दंडावर काळंनिळं. आईनं विचारलं नाही, पोरीनंच सांगितलं. किसन मारायचा. नवरात्रात शेकापूरच्या देवळात तिचं अंग थरथरलं, केस सुटले. खरं की भीतीनं, तिलाच कळलं नाही. तर किसननं सगळ्यांसमोर तिच्या झिंज्या धरल्या आणि विचारलं, "पेटी आनू काय तुह्या मायची?" लोक हसले. मग घरी नेऊन दाराला कडी लावली.

कोकिळा हे ऐकत होती आणि चुलीत काड्या मोडून घालत होती. पोरीनं विचारलं, "माय, तुह्या अंगात खरंच येत होती का वं?" तेव्हा ती म्हणाली, "येत होती का नाई, आता मलेबी माहीत नाई. त्या सरानं ते नेलं."

भाऊबीज झाल्यावर किसन न्यायला आला. ओसरीवर लक्ष्मणरावाशेजारी पान खात बसला. लक्ष्मणराव बायकोकडं वळून म्हणाला, "सांग तिले, पोरीचं गाठोडं बांध म्हना."

मीराबाई उठायच्या आधी कोकिळा पुढच्या दारानं ओसरीवर आली. पदर खांद्यावर. भासऱ्याच्या समोर, एका हातावर.

"पोर जात नाई."

लक्ष्मणराव दचकला आणि सवयीनं पुन्हा बायकोशीच बोलला. "हे कोन बोलून राह्यलं, मीरे?"

"मी बोलून राह्यली. कोकिळा. माह्याकडं पाहून बोला, लक्ष्मणराव. पोर जात नाई म्हटलं ना मी."

अंगात काही नव्हतं. किसन हात उगारून उठला तेव्हा तिनं पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचलला. गाव गोळा झालं. आणि गाव काय म्हणालं? पाच वर्षांपूर्वी हीच बाई, याच माणसासमोर, असंच उघड्या डोक्यानं उभी राहून पोरीसाठी बोलली, तेव्हा तिच्यापुढं नारळ फुटले होते. आता तिला रांड म्हणाले. भासऱ्याला नावानं हाक मारली म्हणून बाया कानावर हात ठेवत होत्या. कोणी म्हणालं नागपूरच्या पागलखान्यात नेऊन टाका, डोकं फिरलं हिचं.

नलू गेली नाही. लक्ष्मणरावानं महिनाभरात आंगणातून भिंत घातली. गोठ्याकडची सपरी, म्हणजे छपराची पडवी, कोकिळेला, विहीर त्याच्याकडं. जमिनीचा दावा कोर्टात पडला तो पडलाच आहे. माय-लेकी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचू लागल्या. नलूला मुलगी झाली. लेकराच्या मायला शाळेत कोण घेतो? म्याट्रिक राहूनच गेलं.

त्र्याऐंशीत सर पुन्हा आले. आता डॉक्टर देवतळे. पुस्तक निघायचं होतं, त्यासाठी थोडं पुढचं हवं होतं. ओसरीवर चहा घेऊन, भिंतीला वळसा घालून सपरीशी आले, आणि आपल्या सवयीप्रमाणं जमिनीवर बसले. कोकिळेनं पाणी दिलं.

"देवी परत कधी आली नाही, वहिनी?"

"तिचं काय काम राह्यलं? ज्याच्याशी बोलाचं त्याच्याशी मीच बोलते आता."

सरांचा चेहरा उजळला. "अहो, मग हीच तर मुक्ती! माझा निष्कर्ष हाच होता. तुम्ही मुक्त झालात."

"झाली ना," कोकिळा म्हणाली. "आता बोलते मी, अन् आयकाले कोनी नाई."

सरांनी वाक्यातलं पहिलं अर्धं लिहून घेतलं. मग त्यांची नजर नलूकडं गेली. ती उंबऱ्यात बसून लेकराला पाजत होती. "नलू, तुझ्याही अंगात एकदा..." असं म्हणत त्यांनी झोळीत हात घातला.

"तिले नाई," कोकिळा म्हणाली. तिनं सरांच्या पुढचा पाण्याचा गडू उचलून घेतला, अजून अर्धा भरलेला होता तरी, आणि दार लोटलं. सर झोळी खांद्याला लावून उठले. मग ओसरीवरून लक्ष्मणरावाची हाक आली, "या सर, त्या येडीच्या नादी काऊन लागता," आणि ते तिकडं गेले.